नत्र, नत्रवायू आणि नायट्रोजन – एकच का?

प्रश्न : मुलीच्या पुस्तकात लिहिलंय हवेत 78 टक्के नायट्रोजन, आणि युरियात म्हणे 46 टक्के नत्र. दोन्ही एकच असेल तर डोक्यावर एवढं नत्र असताना शेतात पैसे घालून परत नत्र का टाकायचं? की नत्र म्हणजे काही वेगळं असतं?

– मूलद्रव्य एकच हो, पण रूप वेगळं. हवेतल्या नायट्रोजनचा रेणू दोन अणूंचा, एन-टू, आणि ते दोन अणू तिहेरी बंधाने असे घट्ट धरलेले असतात की तो बंध तोडायला मोलमागे, म्हणजे साधारण 28 ग्रॅम वायूमागे, 945 किलोज्यूल ऊर्जा लागते, पिकाला ते जमतच नाही. युरियात तो बंध आधीच तुटलेला असतो, नायट्रोजन तिथे कार्बन-हायड्रोजनला जोडलेला असतो आणि जमिनीत त्याचा अमोनियम, मग नायट्रेट होतो, ते मुळं घेतात. म्हणून मी हवेतल्याला नत्रवायू म्हणते आणि खतातल्याला नत्र. आणि 78 टक्के हे आकारमानाने बरं का, वजनाने साडेपंच्याहत्तर, कारण ऑक्सिजनचा रेणू जास्त जड.

– ताई, फरक पटला. आमच्याकडे खताच्या बाबतीत नत्र-स्फुरद-पालाश (नायट्रोजन-फॉस्फरस-पोटॅश) असं एका दमात म्हणतात, तिथे नत्र म्हणजे फक्त पिकाचं खाणं, वायू कुणाच्या डोक्यातही येत नाही. पण हरभरा, तूर, भुईमूग उपटून बघा, मुळांवर गाठी असतात, त्यातले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्रवायूच फोडून पिकाला देतात. गाठ कापली की आत गुलाबी दिसली म्हणजे काम चालू आहे. कृषी खातं याला नत्र स्थिरीकरण म्हणतं, शब्द फार चांगला आहे, वापरात ठेवला पाहिजे.

– कारखान्यात नत्रवायू फोडायचं तेच काम हाबर-बॉश पद्धतीने, म्हणजे हायड्रोजनशी जोडून अमोनिया बनवून होतं, जर्मनीत ओपाऊला 1913 साली सुरू झालं, चारशे-पाचशे अंश तापमान आणि प्रचंड दाब लागतो. जिवाणू ते मातीत साध्या तापमानाला करतात, हे मला अजूनही थक्क करतं.

नावाबद्दल सांगायचं तर फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझियेने या वायूला ॲझोट म्हटलं होतं, ज्यात जीव तगत नाही तो, फ्रेंचमध्ये आजही तेच चालतं. नायट्रोजन हे नाव शाप्ताल या दुसऱ्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1790 मध्ये दिलं, म्हणजे सोरा (पोटॅशियम नायट्रेट) ज्यापासून होतो तो. मला दुसरं नाव जास्त योग्य वाटतं, कारण आपल्या शरीरातलं प्रत्येक प्रथिन नायट्रोजनशिवाय बनतच नाही, त्याला निर्जीव कसं म्हणायचं?

प्रश्न : मग टायरमध्ये भरतात त्याला काय म्हणू?

– तिथे नायट्रोजनच म्हणा, पंपावर नत्र म्हटलं तर कुणाला कळणार नाही. तो हवेतलाच नत्रवायू असतो, ऑक्सिजन आणि ओलावा वेगळा काढलेला. लिंगाचं म्हणाल तर तो नायट्रोजन, तो नत्रवायू, पण ते नत्र, 'हेक्टरी इतकं नत्र द्यावं' असं.