तक्रारपेटी कायम रिकामी, काय करावं?

वर्गशिक्षिका, हडपसर
मनपाची शाळा, सातवी, पट ५४. तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी टांगलीय, मुलांच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समितीचा फलकही लागलाय. चिठ्ठी मात्र एकही पडत नाही. समुपदेशक नाही. पेटी चालती कशी करायची? आणि उद्या कुणी ‘जगावंसं वाटत नाही’ असं लिहिलं, तर पहिल्या तासाभरात करायचं काय?

जुना_केंद्रप्रमुख
दाराशेजारी म्हणजे येणारा-जाणारा बघतो. वर कॅमेराही असेल तर विषयच संपला. पेटी जिन्याच्या वळणावर किंवा पाण्याच्या टाकीच्या वाटेवर लावा, पाचवीच्या मुलाचा हात पोचेल इतक्या उंचीवर. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या वाटेवर दुसरी.

तरी एकटं जाऊन चिठ्ठी टाकायला धीर लागतोच. म्हणून शनिवारी शेवटच्या तासाला सगळ्यांना एकाच मापाचा कोरा कागद द्या. सांगण्यासारखं काही नसेल त्याने डब्यात काय होतं ते लिहावं. सगळ्यांनी चार घड्या घालायच्या, सगळ्यांनी टाकायच्या. ५४ चिठ्ठ्यांत एक लपते. उघडताना समितीतले दोघे हवेत, पण त्या वर्गाचे वर्गशिक्षक नकोत; अक्षर लगेच ओळखू येतं. आणि चिठ्ठी वर्गात वाचून ‘हे कुणी लिहिलं?’ असं एकदा जरी विचारलंत, तर वर्षभर पेटीत फक्त डबेच येतील.

समुपदेशक, कोथरूड
तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. चिठ्ठीवर नाव असेल किंवा मूल कोण ते कळलं असेल, तर त्याला एकटं सोडू नका, अगदी स्वच्छतागृहापर्यंतही कुणीतरी सोबत असावं. शांत खोलीत शेजारी बसा, टेबल मधे नको. सरळ विचारा: ‘मरावंसं वाटतंय का? कसं करायचं ते ठरवलंयस का?’ विचारल्याने डोक्यात विचार शिरतो, ही भीती खोटी आहे. ‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचन देऊ नका; ‘मदत करू शकतील अशाच माणसांना सांगेन’ म्हणा. कसं करायचं हे त्याने ठरवलं असेल तर त्याच दिवशी पालकांसोबत ससून रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात. पालकांना घरातली औषधं, कीटकनाशक कुलपात ठेवायला सांगा. १४४१६ ही टेली-मानस हेल्पलाइन चोवीस तास चालते, मराठीतही बोलतात.

वर्गशिक्षिका, हडपसर
आणि त्रास घरातल्याच माणसाकडून असेल तर? तरीही आधी पालकांनाच बोलवायचं?

समुपदेशक, कोथरूड
नाही, इथेच गडबड होते. ज्याच्यावर संशय त्यालाच निरोप जातो, आणि दुसऱ्या दिवशी मूल ‘काही झालंच नाही’ म्हणतं. लैंगिक अत्याचाराची नुसती शंका असली तरी पॉक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. दडवलं तर कलम २१ खाली शिक्षा; आरोपी हाताखालचा कर्मचारी असेल तर संस्थाप्रमुखाला वर्षभराच्या कैदेपर्यंत. खात्री करून घेणं तुमचं काम नव्हे. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहून ठेवा, पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका.

१०९८ या चाइल्ड हेल्पलाइनलाही कळवा. जबाब घेताना पोलीस गणवेशात नसावेत, मुलगा असो वा मुलगी, जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यावा, हे कायद्यातच आहे. तसं होत नसेल तर तिथेच सांगा.

जुना_केंद्रप्रमुख
आणि शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या मुलाचं नाव, इयत्ता काहीही टाकू नका. ‘बारीक लक्ष ठेवा’ एवढंसुद्धा नको, मधल्या सुट्टीपर्यंत शाळाभर झालेलं असतं.