पेट्रोल भरलं की गाडी रुसते, कोड पी०४५५

न्यू जर्सीत असतो. २०१४ ची सेडान, कोड पी०४५५ म्हणजे पेट्रोलच्या वाफेच्या यंत्रणेत मोठी गळती. पेट्रोल भरल्यावर स्टार्ट व्हायला कां-कूं करते, एरवी ठणठणीत. टाकीचं झाकण नवं बसवलं, चेक इंजिनचा दिवा तसाच. गाडीचं सरकारी इन्स्पेक्शन जवळ आलंय. धूर सोडून गळती शोधतात ती स्मोक टेस्ट करून घेऊ का?

> थांबा हो, खिसा आवरा! भरल्यावरच कुरकुर म्हणजे माझा संशय पर्ज व्हॉल्व्हवर, म्हणजे टाकीतली वाफ इंजिनात सोडणाऱ्या झडपेवर. इंजिन थंड असताना चालू करा, कॅनिस्टरकडून (वाफ साठवणाऱ्या डब्याकडून) येणारा होज व्हॉल्व्हपासून काढा, व्हॉल्व्हच्या उघड्या तोंडाला बोट लावा. ओढ लागली तर व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय. नसेल तर मग स्मोक टेस्ट.

> कोड पुसून लगेच इन्स्पेक्शनला पळू नका, मॉनिटर, म्हणजे गाडी स्वतःच करते त्या तपासण्या, ‘नॉट रेडी’ दिसतील. टाकी अर्धी ठेवा. काठोकाठ किंवा रिकामी असेल तर गाडी वाफेच्या गळतीची तपासणी करतच नाही.

बोट चांगलंच ओढलं! व्हॉल्व्ह मागवलाय.