मदत हवी आहे: 'सिस्टर, तुम्हीच बोला ना' याला नाही कसं म्हणायचं?

नाशिकमधल्या एका खाजगी हॉस्पिटलात आयसीयूला स्टाफ नर्स आहे. कुठलं ते विचारू नका, इथे सगळे सगळ्यांना ओळखतात.

कामाची सवय झालीय, नातेवाईक झेपेनासे झालेत. मला माणसं पटकन कळतात. बाहेर बसलेल्या घोळक्यात कोण रडणार, कोण बिलावरून भडकणार आणि निर्णय शेवटी कोपऱ्यातला गप्प चुलताच घेणार, हे दार उघडताच दिसतं. त्यामुळे पेशंट सिरियस झाला की नातेवाईकांशी बोलायला हाक मलाच, बेड दुसरीचा असला तरी. तोवर माझे पेशंट शेजारची बघते आणि माझं चार्टिंग (पेशंटच्या नोंदी लिहिणं) ड्युटी संपल्यावर.

मध्यंतरी 'भावनिक बुद्धिमत्ता' यावर वर्कशॉप झालं. वाईट नव्हतं, समोसेही गरम होते. पण नाईट करून निघालेल्या पोरींना त्यासाठी थांबवून ठेवलं होतं!

परवा डॉक्टरांचं सांगून झाल्यावर एका आजींनी माझा हात घट्ट धरला. त्यांच्या बांगड्या मनगटाला रुतत होत्या आणि माझ्या डोक्यात ४ वाजताचं अँटिबायोटिक. आवाज मात्र मऊच. सगळे म्हणाले, किती छान सांभाळलंत. त्याच संध्याकाळी लेक गुडघा फोडून आली, तर तोंडातून 'जा, धू' एवढंच निघालं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटला आजार न म्हणता कामाशी निगडित स्थिती म्हटलं: थकवा, कामावरून मन उडणं, आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. पहिल्या दोन्ही गोष्टी माझ्यात आहेत. मग हे बर्नआउट की डिप्रेशन? आणि तुमच्याकडे नातेवाईकांशी बोलायचं काम ड्युटी लिस्टमध्ये वाटून देतात का? मेट्रन मॅडमना (आम्हा नर्सेसच्या प्रमुख) सांगायचं तर 'आता हिलाही नखरे सुचायला लागले' असं होईल. त्यात सिंहस्थात रजा बंद होणार अशी कुजबुज आहेच.

प्रतिसाद (निवृत्त इन्चार्ज सिस्टर):
अगं, नुसतं तोंडी नको सांगूस. पेशंटचं नाव न घालता वहीत लिहीत जा: किती वाजता, कोणाच्या बेडसाठी, किती मिनिटं बाहेर होतीस. मॅडमपुढे मिनिटं ठेव, रडगाणं नको. आमच्याकडे अशाच वहीवरून नातेवाईकांना भेटायची वेळ ठरली. बोलायचं डॉक्टरांनी, त्या बेडच्या सिस्टरने सोबत उभं राहायचं. बर्नआउट की डिप्रेशन हे इथे कोणी ठरवू नये. सुट्टीतही मन लागत नसेल, झोप-भूक गेली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखव. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं, मोफत, रात्रीसुद्धा.

धागाकर्ती:
धन्यवाद ताई. झोप लागते, पुरत नाही. माहेरी गेले की माणसात येते. वही उद्यापासून. पण एक विचारू? मी नाही म्हटलं, तर त्या नव्या जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा केलेल्या) पोरींना नातेवाईकांपुढे ढकलतील. परवाच एक बाथरूममध्ये जाऊन रडली. त्यांचं काय करायचं?