बाइकच्या टाकीवर चित्र पटकन कसं उतरवता? एअरब्रशवाल्यांनो, आपापले अनुभव सांगा

मंडळी, धागा काढायला कारण झाली गेल्या शनिवारची रात्र. नाशिकच्या अंबडला कंपनीत फर्स्ट शिफ्ट करायची आणि संध्याकाळी घरामागच्या शेडमध्ये हेल्मेट, बुलेटच्या टाक्या रंगवायच्या, हा माझा उद्योग बऱ्याच जणांना ठाऊक आहे. एका पोराची टाकी आली होती. काळ्या बेसवर (म्हणजे खालच्या रंगावर) पंख पसरलेला गरुड, दोन्ही बाजूंना सारखा. एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारायचं पेनासारखं यंत्र, चालला अडीच तास. आणि नुसता गरुड आखायला किती लागले? साडेचार! डावा झकास बसला. उजवा काढताना चोच लांबली. पुसला, परत काढला, पंख खाली आला, परत पुसला. शेवटी बेसवर पुसण्याचीच चकाकी आली आणि तिथे पुन्हा हजार नंबरचा पॉलिश पेपर मारायची वेळ आली.

माझी आत्ताची पद्धत म्हणजे प्रिंटच्या मागे पांढरा खडू फासायचा, कागद चिकटवायचा आणि शाई संपलेल्या बॉलपेनाने वरून गिरवायचं. सपाट पत्र्यावर ठीक जमतं. टाकी मात्र दोन्ही दिशांना वळते, तिथे कागदाला चुण्या पडतात आणि चुणीत नेमका डोळा सापडतो.

तुम्ही काय करता? टाकी, भिंत, मूर्ती, काहीही चालेल. अट एवढीच की स्वतः केलेलं सांगा. व्हिडिओ मीही पाहिलेत.

पंचवटी, जुना बोर्ड पेंटर

बाळा, फ्लेक्स यायच्या आधी आम्ही सिनेमाचे बॅनर रंगवायचो. दहा बाय वीस फुटी. हातात फोटो केवढा, तर पाच बाय दहा इंच. फोटोवर अर्ध्या इंचाचे चौकोन पाडायचे आणि बॅनरवर एक फुटाचे. पट्टी घेऊन बसलास तर दिवस जाईल. सूत निळीत घोळवायचं, दोघांनी दोन टोकांना ताणून धरायचं आणि मधे धरून सोडायचं. फट्! रेघ उमटली. दोघे तयारीचे असलो तर अर्ध्या तासात सगळी जाळी. चेहऱ्यावर मात्र त्याच एका चौकोनाचे परत चार करायचे. हिरोचा डोळा चुकला तर थिएटरवाला पैसे कापायचा. हिरोइनचा चुकला तर पब्लिक.

पण टाकीवर चौकोन पाडू नकोस, गोल वस्तूवर चौकोन चौकोन राहत नाही. पेट्रोलच्या झाकणाच्या मधून सीटपर्यंत बारीक चिकटपट्टीची एक सरळ रेघ मार. तिथून दोन्हीकडे कापडी टेपने माप धर. चोचीचं टोक, पंखाचं टोक, शेपटी, नख्या. चार खुणा डावीकडे, त्याच चार उजवीकडे. तुझा उजवा गरुड बिघडला तो हात वाईट म्हणून नाही. तू नजरेवर विसंबलास, माप घेतलंच नाहीस.

शालिमार, रेडियमचं दुकान

एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) आल्यापासून नंबरप्लेटचं काम गेलं, तेव्हापासून तुमच्यासारखी पोरंच आमचं गिऱ्हाईक. प्लॉटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर, स्टेन्सिल कापून देतो. पहिली गोष्ट, जेपीजी घेऊन येऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवर दहा ठिकाणी फिरून फुटलेला गरुड मला कोरल सॉफ्टवेअरमध्ये परत आखावा लागतो. त्याचे पैसे मागितले की तोंडं वाकडी होतात. व्हेक्टर फाइल (रेघांची, कितीही मोठी केली तरी न फुटणारी) आणलीत तर कापायला दहा मिनिटं. दुसरी बाजू मिरर करायला तेवढाही वेळ नाही.

दुसरी गोष्ट, नंबरप्लेटचं साधं रेडियम मास्क म्हणून (रंग नको तिथे झाकायला) वापरू नका, गम बेसवर राहतो. मास्किंगची वेगळी फिल्म मिळते. ओरामास्क ८१३ निळसर असते आणि तिच्यातून खालच्या खुणा दिसतात. काकांनी सांगितलेली मधली रेघ त्यातून बरोबर जुळवता येते. टाकीच्या गोलाईवर चुणी पडायला लागली तर चित्राच्या बाहेरच्या भागात कात्रीने तीन-चार चिरा द्या, फिल्म पसरते. रंग पातळ थरात मारा, नाहीतर कडेला पायरी तयार होते आणि ती बुडवायला क्लिअरचे (वरच्या पारदर्शक लॅकरचे) थर वाढतात. काढताना सरळ वर ओढायचं नाही. स्वतःवरच दुमडत, सावकाश.

आता माझ्या धंद्याच्या विरुद्ध बोलतो. पिसं, धूर, केस यांना मास्क नको. मास्कने कड धारदार येते, पीस मऊ हवं. अक्षरं, टोळीचे लोगो, आगीच्या ज्वाळा असल्या तर या.

नाशिक रोड

मिनी प्रोजेक्टर घेतला होता. भिंतीला उत्तम. टाकीला पैसे वाया. समोरून बघितलं तर वाघ, दोन पावलं बाजूला सरकलं की घोडा. प्रकाश सरळ पडतो आणि टाकी कडेला मागे वळते, त्यामुळे तिथली रेघ ताणली जाते.

भिंतीवरही एक रात्र गेली. अर्धं आखून झालं आणि लाइट गेली. परत आली तोवर अंधारात कोणाचा तरी टेबलाला धक्का लागलेला. आधीचं अर्धं आणि नंतरचं अर्धं यांच्यात दोन बोटांचा फरक. आता सुरुवातीलाच भिंतीवर चार कोपऱ्यांत चार फुल्या मारून घेतो आणि टेबलाच्या पायांभोवती जमिनीवर टेप लावतो.

सातपूर

मी काय करू नये ते सांगतो, कारण तेवढंच मी मन लावून केलंय.

कार्बन पेपर. पांढऱ्या बेसवर निळ्या रेघा. वरून तीन थर मारले तरी रेघ डोकं वर काढते. क्लिअर मारल्यावर तर तिच्याभोवती जांभळट सावली पसरली. शिवाय कार्बनला मेणाचा अंश असतो, त्यावर रंग धरत नाही. शेवटी प्रायमरपर्यंत घासून परत सुरुवात केली.

मग कोणीतरी सांगितलं की लेझर प्रिंट उलटा ठेवून मागून थिनरचा बोळा फिरव, टोनर सुटून खाली बसतो. फायबरच्या पॅनेलवर खरंच सुरेख उतरला (अक्षरं उलटी, कारण प्रिंट मिरर करायला विसरलो). त्याच जोशात हेल्मेटवर केलं. शेल पॉलिकार्बोनेटचं होतं. थिनर लागला तिथे केसासारख्या भेगा दिसायला लागल्या. हेल्मेट दिसायला धड होतं, पण डोक्यावर घालायच्या लायकीचं उरलं नाही. हातोडीने फोडूनच टाकलं, उगाच उचलून कोणी घालायला नको. गिऱ्हाइकाला नवीन घेऊन दिलं.

पेठ रोड, गणपतीचा कारखाना

आमच्याकडे आखायला वेळच नसतो. पितांबराचा काठ, शेल्याची बुट्टी, सगळं छापाने. छाप जुन्या एक्स-रे फिल्मचे. फिल्म ब्लीचच्या पाण्यात ठेवली की काळं सुटतं आणि निळसर पारदर्शक शीट हातात येते. नक्षीवर ठेवायची आणि कटरने कापायची. मांडीच्या गोलाईवर वाकते, सोडली की परत सरळ. कागदाचा छाप पाच मूर्तींत लिबलिबीत होतो, ही शीट अख्खा सीझन टिकते. दर दहा-बारा मूर्तींनंतर मागची बाजू पुसायची, नाहीतर साठलेला रंग पुढच्या देवाच्या धोतराला लागतो.

पावसाळ्यात कंप्रेसरमध्ये पाणी साठतं. एक थेंब नळीतून आला की छापाखाली शिरलाच. दर तासाला टाकीचा कॉक उघडून पाणी काढतो.

डोळ्यांना छाप नाही. ते वडील काढतात, सकाळी, कोणाशी न बोलता.

इंदिरानगर, केकवाली

मी फॉन्डंटवर, म्हणजे केकवरच्या साखरेच्या आवरणावर, एअरब्रश करते. इथे खडू, ग्रॅफाइट, टोनर काहीच चालत नाही, खायची वस्तू आहे. फॉन्डंट रात्रभर थोडा सुकू देते, डिझाइनचा बटर पेपर वर ठेवते आणि नव्या, उकळून घेतलेल्या सुईने रेषेवरून हलके टोचे देते. कागद उचलला की टिंबं दिसतात. त्यावरून खायच्या रंगाचा ब्रश. सात-आठ मिनिटांत छोटा भीम तयार. ताज्या मऊ फॉन्डंटवर घाई केलीत तर कागदच चिकटून बसेल, मग भीमाचं काय होतं ते विचारू नका.

देवळाली गाव

सगळे शॉर्टकट. हात बसवा, कागदं फाडा, हजार गरुड काढा. मग आखायची गरजच लागणार नाही.

पंचवटी, जुना बोर्ड पेंटर

चाळीस वर्षं हात बसवला रे भाऊ. शेवटच्या बॅनरपर्यंत चौकोन पाडूनच काढत होतो.

कॉलेज रोड

मी भिंती करते. एका कॅफेची भिंत होती, अठरा बाय दहा फूट, रस्त्याला तोंड करून. भर दुपारी काम, म्हणजे प्रोजेक्टर बाद. मी काय केलं, खडूने अख्ख्या भिंतीवर वाट्टेल ते खरडलं. क, ७, बदाम, मोदक, फुली, एक मांजर. कशाचा कशाशी संबंध नाही, पण प्रत्येक खूण वेगळी. मालक चहा घेऊन आले आणि कप हातात धरून नुसते बघत उभे राहिले. “ताई, हेच डिझाइन ठरलं होतं का?”

मग भिंतीचा फोटो, अगदी मधोमध उभं राहून. वाइड लेन्सने घेऊ नका, कडा वाकतात. टॅबवर त्या फोटोच्या वर डिझाइन अर्धवट पारदर्शक करून ठेवलं. आता दिसतं की हरणाचा कान मोदकाच्या टोकाला आहे आणि शिंग ‘क’च्या पोटातून जातंय. भिंतीवर तसंच काढायचं. चौकोनाच्या जाळीत आपण सातव्या रांगेत आहोत की आठव्या हे सारखं मोजावं लागतं, इथे मांजर म्हणजे मांजरच. सव्वा तासात भिंत आखून झाली. नंतर ओल्या फडक्याने खरडलेलं पुसलं.

येवला, आरीवर्कचं छापकाम

दादा, मी एअरब्रश कधी हातात धरला नाही. मुलाने हा धागा दाखवला आणि म्हणाला, आई, हे तर तू रोज करतेस.

लग्नसराईत आमच्याकडे दिवसाला दहा-बारा ब्लाउज नक्षी छापायला येतात. प्रत्येकावर मोर हाताने काढत बसले तर वऱ्हाड परत जाईल. आम्ही खाका करतो. ट्रेसिंग पेपरवर नक्षी काढायची, खाली गोधडीची जाड घडी, आणि सुईने रेघेवरून टोचत जायचं. मोठ्या, लांब रेघा असतील तर शिलाई मशीनवर, दोरा काढून. टाका फार बारीक ठेवू नका, भोकं एकमेकांत मिसळली की कागद तिकिटासारखा फाटतो. टोचून झालं की उलट्या बाजूला बोट फिरवा, खरखर लागेल. ती खरखर झिरोच्या पॉलिश पेपरने हलकी घासून काढायची. हे न केल्यामुळे नवशिक्यांचा खाका उठत नाही, भोकं अर्धी मिटलेली असतात.

कापडावर ठेवून वरून बोळा फिरवायचा. फिक्या कापडाला रॉकेलात कालवलेली नीळ, गडद कापडाला झिंकची पांढरी पूड. एकच हात, परत मागे न्यायचा नाही. कागद उचलला की मोर बसलेला असतो.

आणि तुमच्या उजव्या गरुडाचं म्हणाल तर, आम्ही डाव्या बाहीचा खाका उलटा करतो आणि उजव्या बाहीवर ठेवतो. भोक दोन्हीकडून सारखंच की. एकेक खाका मी चार-चार वर्षं वापरते.

अंबड (धागा माझाच)

ताई, हे वाचून कपाळावर हात मारला. गरुड उलटा करायचा! रॉकेल माझ्याकडे चालणार नाही, बेसवर तेलाचा अंश राहिला तर वरचा रंग फाकतो, गोल गोल खड्डे पडतात. कोरडी पूड वापरून बघतो. रविवारी सांगतो.

अंबड, दोन रविवारांनंतर

पहिला प्रयत्न. आईच्या मशीनवर दोरा काढून गरुड टोचला. मागून घासला. खडू किसून पूड केली, वस्त्रगाळ केली आणि जुन्या मोज्यात भरली. (टाल्कम पावडर मुद्दाम टाळली, तिच्यातला सुगंध रंगाला काय करेल याचा भरवसा नाही.) काकांची मधली रेघ मारून घेतली. कागदावर मोजा थोपटला, कागद उचलला, काळ्या टाकीवर पांढऱ्या ठिपक्यांचा गरुड. उलटा करून दुसरीकडे, तोच. बारा मिनिटं झाली होती. मी शेडमध्ये एकटाच हसत होतो.

मग एअरब्रश हातात घेतला, ट्रिगर दाबला आणि डावा पंख उडाला. सगळी पूड हवेने साफ. गरुड गेला, टाकी काळी.

दुसऱ्या प्रयत्नात ठिपके आधी जोडून घेतले. काचेवर, पत्र्यावर चालणारी पांढरी स्टॅबिलो पेन्सिल आहे, ओल्या फडक्याने पुसली जाते. ठिपके जोडायचे आणि उरलेली पूड मऊ ब्रशने झटकायची. कागदही अखंड ठेवला नाही, डोकं, पंख, शेपटी असे तीन तुकडे केले, त्यामुळे गोलाईवर चुणी पडली नाही. दोन्ही बाजू मिळून पस्तीस मिनिटं. साडेचार तासांच्या जागी. चोची दोन्हीकडे सारख्या, कापडी टेपने मोजल्या.

खर्च एकच झाला. कागदाने मशीनची सोळा नंबरची सुई बोथट झाली आणि आईने पिको करायला घेतलेली मावशीची साडी ओढली गेली. सुई आणून दिलीय. साडीचा विषय अजून चालू आहे.

रेडियमवाले भाऊ, गरुडाखाली पोराला आता आजोबांचं नाव हवंय, तेवढी अक्षरं तुमच्याकडेच कापून घेतो. फाइल व्हेक्टर आहे. रविवारी दुकान उघडं असतं का?