पासपोर्ट ही शिक्षकाची पात्रता कशी?

गार्गी: मुसाफिर यांनी काल लिहिले की दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवायला इंग्रजी मातृभाषा आणि कोणतीही पदवी पुरेशी आहे, आणि त्यावर बोलणाऱ्या भारतीयांची निव्वळ पोटदुखी आहे. याला सविस्तर उत्तर द्यावेच लागेल. हागवॉनमधल्या, म्हणजे तिथल्या खासगी शिकवणी वर्गांतल्या, नोकरीला लागणाऱ्या ई-२ व्हिसासाठी अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड किंवा दक्षिण आफ्रिकेचा पासपोर्ट आणि कोणत्याही विषयातली पदवी चालते; त्यामुळे अध्यापनाचा गंधही नसलेला माणूस सहा वर्षांच्या मुलांपुढे शिक्षक म्हणून उभा राहतो. सोलजवळच्या एका हागवॉनच्या कार्यालयात मी काम करत होते. महिनाअखेरीस पालकांकडे जाणाऱ्या प्रगतिपत्रकांत सगळ्यांना एकच मजकूर असे, फक्त नाव बदललेले; एका मुलीच्या पत्रकात तर आधीच्या मुलाचेच नाव राहून गेले होते. तिची आई ते पत्रक हातात घेऊन विचारायला आली, तेव्हा तिला काय सांगावे हे मला सुचेना.

मुसाफिर: मी कॅनडाचा नागरिक आहे, पदवी संगणकशास्त्राची आहे आणि बुसानला मी शिकवले आहे. पहिल्या दिवशी हातात पुस्तक दिले आणि दुसऱ्या दिवशी वर्गात पाठवले. प्रशिक्षणाचे नावही कोणी काढले नाही. वर्ष भरले की एका महिन्याच्या पगाराएवढी सेवासमाप्तीची रक्कम द्यावी लागते, म्हणून अकराव्या महिन्यात काढून टाकलेले सहकारी मी पाहिले आहेत. नीतीचा प्रश्न आधी मालकांना विचारा. शिवाय सरकारी शाळांच्या एपिक योजनेत शिक्षणशास्त्राची किंवा इंग्रजीची पदवी, नाहीतर किमान १०० तासांचे टीईएफएल, म्हणजे परभाषिकांना इंग्रजी शिकवण्याचे, प्रमाणपत्र मागतात, हे तुम्ही सोयीस्करपणे वगळले.

गोदाकाठ: त्या १०० तासांतला बराचसा भाग घरी संगणकापुढे बसून पुरा करता येतो. माझी बहीण एम.ए., बी.एड. आहे आणि नाशिकच्या शाळेत तिने वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवले आहे. १ जानेवारी २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करारामुळे भारतीयांना सहायक शिक्षकाची वाट आहे, पण तिथे पदवीबरोबर शिक्षकाचे प्रमाणपत्रही लागते. म्हणजे जो शिकून आला त्याच्यावर जास्त अटी आणि ज्याला काहीच येत नाही त्याला मोकळे दार! तिने फोटोसह अर्ज केला, तर उत्तर आले की पालकांना ‘मूळ इंग्रजी भाषक’ हवा आहे.

मुसाफिर: फोटो पाहून मलाही नाकारले आहे, पासपोर्ट कॅनडाचा असूनही. तेव्हा वर्णभेद मला शिकवू नका. पण आपल्याकडचे बी.एड. झालेले शिक्षक नियम पाठ करून घेतात आणि दहावी झालेले मूल इंग्रजीत चार वाक्ये बोलू शकत नाही, हेही खरे आहे.

गोदाकाठ: हा अपमान मी ऐकून घेणार नाही. साठ-साठ मुलांच्या वर्गात, घरी इंग्रजीचा शब्द कानावर न पडणाऱ्या मुलांना तिने वाचते केले आहे. दहा-बारा मुलांपुढे चित्रांची पाने धरणाऱ्यांनी तिच्या पदवीचे मोल ठरवू नये.

माधव: दोघांच्याही बोलण्यात कोरियन सहशिक्षक कुठेच नाही. व्याकरण तोच समजावतो, पालकांचे फोनही तोच घेतो, आणि जाहिरातीत चेहरा मात्र परदेशी माणसाचा असतो.

मुसाफिर: सहशिक्षकाबद्दल वाद नाही, माझे निम्मे तास त्यांच्याच जिवावर निभावले. प्रशिक्षण सक्तीचे असावे हेही मान्य करतो, पण त्याचा खर्च मालकाने उचलावा. कायद्याने दिलेला व्हिसा घेऊन नोकरी करणाऱ्याला अनैतिक म्हणणे मला मान्य नाही.

गार्गी: कायदा मोडला असे मी म्हटलेलेच नाही. तज्ज्ञ शिक्षक म्हणून पालकांकडून दरमहा शुल्क घेतले जाते आणि आपण तज्ज्ञ नाही हे वर्गात उभ्या असलेल्या माणसाला ठाऊक असते. ते ठाऊक असूनही तो स्वतःहून काही शिकत नसेल आणि त्या प्रगतिपत्रकांवर सही करत असेल, तर मालकाइतकाच तोही जबाबदार आहे.