मदत हवी आहे: काळं मांजर आणि नाण्याचा कार्टून सिनेमा, नाव सांगा

मीठभाकर
लहान मुलांचा कार्टून सिनेमा आहे. त्यात एक बोलणारं काळं मांजर आहे आणि एक नाणं, ते हरवतं. नाव काय? गूगल करून थकले, जगातली सगळी मांजरं येताहेत, हवं ते येत नाही. मुलीसाठी शनिवारच्या आत हवंय. लवकर सांगा प्लीज.

बाळ्या_कट्टेकर
कधीचा सिनेमा? कुठे पाहिलात? भाषा कोणती? एवढ्या माहितीवर तर पोलीसही तक्रार घेत नाहीत.

दुपारचा_चहा
जपानी असणार, डोळे झाकून सांगते. जपानमध्ये मांजर शुभ. दुकानाच्या गल्ल्यावर पंजा वर केलेलं ते पांढरं मांजर असतं ना, मानेकी-नेको, त्याच्या दुसऱ्या पंजात नाणंच असतं. जपानी कार्टून शोधा.

मीठभाकर
जपानी नाही हो. इंग्रजी. मैत्रिणीकडे पाहिला, तोही अर्धाच. नाणं कमोडमधून वाहून जातं. आता तरी कळलं का कुणाला?

नाना_पानसुपारी
मुलांना असले चित्रपट दाखवूच नयेत. काळं मांजर घरात, मग ते पडद्यावर का असेना! आमची आजी मांजर आडवं गेलं की चप्पल काढून पाच मिनिटं उभी राहायची. मुलीची रास कोणती? साडेसाती आहे का बघून घ्या.

सूक्ष्मदर्शी
नाना, मांजर आडवं गेलं याचा अर्थ मांजराला पलीकडे जायचं होतं. बास. आणि आजी पाच मिनिटं उन्हात उभी राहायची हे मांजराचं अशुभ की आजीचं?

नाना_पानसुपारी
तुमच्यासारखेच लोक नवीन गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात.

सूक्ष्मदर्शी
ठेवलं होतं. सासऱ्यांनी. मुद्दा तो नाही.

धुक्यातली_एडिनबरा
नऊ वर्षं इथे आहे. स्कॉटलंडमध्ये दाराशी अनोळखी काळं मांजर आलं तर घराची भरभराट होते म्हणतात. आमच्या पायरीवर एक येऊन बसलं तेव्हा मी हाडहूड करत होते आणि शेजारच्या आजीबाई बशीत दूध घेऊन धावत आल्या! तर मीठभाकर ताई, त्या मांजराचं इंग्रजी कसं होतं? स्कॉटिश?

मीठभाकर
माहीत नाही. हेल काढून बोलत होतं खरं. ह्यांना तर ओ की ठो कळत नव्हतं.

धुक्यातली_एडिनबरा
मग सापडलं! 'लक', २०२२ चा, ॲपल टीव्हीवर आहे. दिग्दर्शन पेगी होम्स यांचं. मांजराचं नाव बॉब, आवाज सायमन पेगचा. माणूस इंग्रज, पण इथे स्कॉटिश हेल काढलाय. का, ते सांगत नाही, रसभंग होईल. नायिका सॅम, पावलोपावली नशीब फुटकं. पावाचा तुकडा पडला तर जॅमची बाजू खाली.

पाव_भौतिकशास्त्र
जॅमवरून आठवलं. हे नशीब नाही. टेबलाची उंची अशी असते की कडेवरून सरकलेला टोस्ट जमिनीवर पोचेपर्यंत साधारण अर्धीच गिरकी घेतो, म्हणून लावलेली बाजू खाली. रॉबर्ट मॅथ्यूज यांनी १९९५ मध्ये यावर रीतसर शोधनिबंध लिहिला, १९९६ मध्ये त्यांना त्यासाठी इग नोबेल (गमतीशीर संशोधनाला देतात ते बक्षीस) मिळालं. टेबल चांगलं तीन मीटर उंच केलं तर टोस्ट पूर्ण गिरकी घेईल.

बाळ्या_कट्टेकर
आणि नाश्ता शिडीवर.

मीठभाकर
'लक' लावला. संजय दत्त आला. हा काय प्रकार आहे?? मुलगी बाजूला बसली होती!

दुपारचा_चहा
अगं तो २००९ चा हिंदी. जिवाचा जुगार खेळतात त्यात, मुलांचा अजिबात नाही. मी म्हटलं होतं जपानी शोधा.

धुक्यातली_एडिनबरा
सॉरी ताई, माझी चूक, आधीच सांगायला हवं होतं. ॲपल टीव्हीच्या ॲपमध्येच जाऊन शोधा. हिरवं जॅकेट घातलेली मुलगी आणि काळं मांजर दिसलं की तोच. पण शनिवारचं काय आहे? वाढदिवस?

मीठभाकर
नाही. खरं तर मला शेवट हवाय. मी नीट लिहिलं नाही, सगळ्यांना सांगायचं नव्हतं. आमची लेक दत्तक आहे, सात वर्षांची, तिला माहीत आहे. त्यात अनाथाश्रमातली ती छोटी आहे ना, घर मिळावं म्हणून वाट बघणारी, तिच्यासाठी ते नाणं. नाणं वाहून गेलं तशी लेक उठली आणि चपला घालायला लागली. मैत्रिणीकडून तसंच निघालो. तेव्हापासून रोज विचारते, तिला आई मिळाली का? शनिवारी मैत्रीण परत बोलावतेय. मिळत नसेल तर मी जाणारच नाही.

नाना_पानसुपारी
ताई, रास विचारली ती मागे घेतो.

चुलीवरची_साय
मी १४ वर्षं बालगृहात काम केलंय, सिनेमाही पाहिलाय. सरळ सांगते: मिळते. छोटीचं नाव हेझल, तिला शेवटी घर मिळतं. अवघड आहे ती सॅम. ती अठरा पूर्ण झाली म्हणून संस्था सोडते, कुणी घेऊन गेलेलं नसतं. आपल्याकडेही अठराव्या वर्षी बालगृह सुटतं, एकविसापर्यंत अनुरक्षण गृहाची सोय कायद्यात आहे, पण पिशवी भरून निघालेली मुलगी तशीच दिसते, चेहरा तोच. सॅमला आईबाप मिळत नाहीत. मांजर तिच्याकडे राहायला येतं. तेव्हा लेक हेझलबद्दल नाही, सॅमबद्दल विचारेल, त्याची तयारी ठेवा. आणि मैत्रिणीकडे नको, घरीच बघा. मध्येच चपला घालाव्याशा वाटल्या तर घराबाहेर पडावं लागू नये.

सूक्ष्मदर्शी
+१. आणि मधला भाग मुलांना आवडतो. नशीब बनवायचा कारखानाच आहे, वर चांगलं, खाली वाईट, आणि खालची मंडळी वरच्यांपेक्षा मजेत असतात.

मीठभाकर
साय ताई, व्यनि (खासगी निरोप) करते. तिला आत्ताच सांगितलं हेझलला घर मिळतं म्हणून. तिने विचारलं, "मांजर पण नेलं का तिने?" म्हटलं, नाही, ते मोठ्या ताईकडे. मग म्हणे ठीक आहे. जेवायला बसली.

पाव_भौतिकशास्त्र
दुरुस्ती: टोस्ट पडण्याचा हिशोब जॅमच्या वजनावर अवलंबून नाही, कुणी विचारण्याआधी सांगतो.

दुपारचा_चहा
जपानी पण चांगले असतात हो.