लिअरला वेड मुलींनी लावलं, की बीज आधीपासूनच होतं?

पिंपळपान:
शेक्सपिअरचं 'किंग लिअर' पुन्हा वाचलं. आपल्याकडे या नाटकाचा विषय निघाला की गाडी थेट 'कृतघ्न मुली'वर येते. मला ते पटत नाही. पहिल्याच प्रवेशात हा म्हातारा राजा राज्य वाटताना तिन्ही मुलींना विचारतो, कुणाचं माझ्यावर सर्वांत जास्त प्रेम? धाकटी कॉर्डेलिया भाव वाढवून सांगत नाही, तर तिला हुंड्याशिवाय हाकलतो, मध्ये पडलेल्या केंट या सरदाराला हद्दपार करतो. तेव्हा ना वादळ आहे, ना कुणी दार लावलंय. प्रवेश संपताना मधली मुलगी रीगन म्हणते, वय झालंय हे खरं, पण यांनी स्वतःला कधी नीट ओळखलंच नव्हतं. दुष्ट बाईचं वाक्य म्हणून आपण ते सोडून देतो.

तळटीप:
तापट बाप घरोघरी असतात, ते सगळे अंगावरचे कपडे फाडत रानात फिरत नाहीत. त्याच्या दिमतीचे शंभर स्वार थोरल्या दोघी मुली आधी पन्नासवर, मग पंचवीसवर आणतात, शेवटी रीगन विचारते की एकाची तरी गरज काय? पाठोपाठ ऐंशी उलटलेल्या बापावर वादळात दार बंद! पहिल्या अंकाच्या शेवटी तो विदूषकासमोर विनवतो, देवा, मला वेडा होऊ देऊ नकोस. ज्याला वेडाची भीती वाटते तो अजून शाबूत असतो.

पिंपळपान:
त्याच घासाघिशीत लिअर काय म्हणतो ते वाचा की. थोरल्या मुलीकडे, गॉनरिलकडे वळून सांगतो, तुझ्याकडे येतो, तुझे पन्नास हिच्या पंचवीसच्या दुप्पट, म्हणजे तुझं प्रेमही हिच्या दुप्पट! सगळं हातातून चाललंय आणि हा अजून प्रेम मोजतोय. मुलींनी बापाचीच पद्धत वापरली. शिवाय याच गॉनरिलला त्याने आधी 'वांझ राहा' असा शाप दिलेला आहे. ते कुणी बोलत नाही.

उनाड_प्रेक्षक:
एवढी चर्चा कशाला? सरळ डिमेन्शिया आहे. चिडणं, संशय, माणसं न ओळखणं.

तळटीप:
मग चौथ्या अंकात शांत झोप मिळाल्यावर तो मुलीला ओळखतो आणि 'माझं डोकं ठिकाणावर नसावं' असं स्वतःच म्हणतो, ते कुठे बसवणार? अर्धवट वेडा टॉम (म्हणजे सोंग घेतलेला एडगर, सरदार ग्लॉस्टरचा मुलगा) दिसताच त्याचा पहिला प्रश्न असतो, तूही सगळं मुलींना दिलंस का? पुढे तो गॉनरिल समजून एका स्टुलावर खटला चालवतो. मुलींखेरीज डोक्यात काही उरलंय का?

पिंपळपान:
तो खटला 1608च्या छापील प्रतीत आहे, 1623च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या एकत्रित आवृत्तीत, नाही. त्यावर सगळी इमारत उभी करू नका. टॉमला विचारलेला प्रश्न मात्र माझ्याच बाजूचा. समोर थंडीत कुडकुडणारा उघडा माणूस आहे आणि याला त्याच्यातही स्वतःचीच कहाणी दिसते.

सावंत_मास्तर:
मला वाटतं आपण लिअर 'नटसम्राट'मधून वाचतो. 1970मध्ये कुसुमाग्रजांनी बेलवलकर उभे केले, डॉ. लागूंनी ते मनावर कोरले. बेलवलकरही वाटणी करतात, पण 'बोला, किती प्रेम आहे' अशी परीक्षा घेत नाहीत. त्यामुळे त्यांच्यासाठी आलेलं रडू आपण लिअरच्या खात्यावर जमा करतो. आणि ग्लॉस्टरचं घर विसरू नका. तिथे बाप दुसऱ्या मुलाने रचलेलं बनावट पत्र वाचून एका क्षणात एडगरवर उलटतो. त्याला कुणी वेडा म्हणत नाही.

तळटीप:
ग्लॉस्टरचा मुद्दा मान्य. पण लिअर 'तुला माझा राग यायला कारण आहे' म्हणतो, तेव्हा कॉर्डेलिया उत्तर देते, 'काहीच कारण नाही.' जिच्यावर सर्वांत जास्त अन्याय झाला तीच हिशेब मागत नाही. तुम्ही का मागता?

पिंपळपान:
कारण ती तिथे खोटं बोलते आहे. पहिल्या प्रवेशात बापाला खूश करायला एक शब्द जास्त न बोलणारी मुलगी आता धडधडीत खोटं बोलते, कारण समोरचा माणूस खरं ऐकण्याच्या अवस्थेत उरलेला नाही. माफ तिने केलं. प्रेक्षकाने का करावं?